वाचकांचे प्रश्न : दहशतवादी संघटनांची यादी कोण आणि कशी करते?

पश्चिम आशियातील युद्धांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांनी अलीकडे पाठवलेल्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे. परक्या देशातील युद्धात लढणाऱ्या गटांपैकी एकाला दहशतवादी, दुसऱ्याला बंडखोर आणि तिसऱ्याला मित्र ठरवताना सरकारे कोणता निकष लावतात, अशी ती शंका आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण सीरियाचे उदाहरण नीट समजले की बाकीच्या प्रश्नांतील बरीच गुंतागुंत आपोआप सुटते.

प्रश्न : सीरियातील ज्या नेत्याची माहिती देणाऱ्यास अमेरिकेने एक कोटी डॉलरचे इनाम जाहीर केले होते, तोच २०२५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांना भेटला. त्याच युद्धात अमेरिकेने ज्या कुर्द लढवय्यांना शस्त्रे दिली, त्यांना शेजारचा तुर्कस्तान दहशतवादी म्हणत होता. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे. विद्यार्थ्यांना ही विसंगती कशी समजावून सांगावी?
— एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : सुरुवात कायद्यापासून करणे बरे. अमेरिकेत ‘परदेशी दहशतवादी संघटना’ अशी नोंद करण्याचा अधिकार १९९६ च्या कायद्याने परराष्ट्रमंत्र्यांना दिला आहे आणि त्यासाठी तीन अटी आहेत. गट परदेशी असला पाहिजे, तो दहशतवादी कृत्ये करत असला पाहिजे किंवा ती करण्याची त्याची क्षमता आणि इरादा असला पाहिजे, आणि त्याच्यापासून अमेरिकी नागरिकांना किंवा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षेला धोका असला पाहिजे. तिसऱ्या अटीकडे आपण विद्यार्थ्यांचे लक्ष जरूर वेधावे. एखाद्या गटाने स्वतःच्या देशातील कितीही निरपराध माणसे मारली, तरी अमेरिकेला त्याच्यापासून धोका आहे असे वॉशिंग्टनला वाटत नसेल, तर तो गट या यादीबाहेर राहू शकतो. शिवाय अटी पूर्ण झाल्या तरी नोंद केलीच पाहिजे, असे बंधन मंत्र्यांवर नाही. राजकीय निवडीला जागा मिळते ती येथे, आणि प्रत्येक देशाच्या कायद्यात अशी जागा कुठे ना कुठे असतेच.

आता सीरियाकडे वळू. २०११ मध्ये बशर अल-असद यांच्या राजवटीविरुद्ध निदर्शने सुरू झाली, तेव्हा असद सरकारने सगळ्याच विरोधकांना दहशतवादी म्हणायला सुरुवात केली. २०१२ मध्ये त्या सरकारने स्वतंत्र दहशतवादविरोधी कायदा केला, विशेष न्यायालय स्थापन केले आणि शस्त्र हाती न घेतलेल्या कार्यकर्त्यांवरही त्याखाली खटले भरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने जबहत अल-नुसरा हा गट इराकमधील अल-कायदाचेच दुसरे नाव आहे असे ठरवून त्याला आपल्या यादीत घातले. असदविरोधी लढाईत हा गट आघाडीवर असल्याने त्या वेळी सीरियातील अनेक विरोधकांनी या निर्णयाला हरकत घेतली होती. त्याचा नेता अबू मोहम्मद अल-जोलानी याने जुलै २०१६ मध्ये अल-कायदाशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१७ मध्ये इतर काही गटांना सोबत घेऊन ‘हयात तहरीर अल-शाम’ ही संघटना उभी राहिली. अमेरिकेने २०१८ मध्ये हे नवे नावही जुन्या नोंदीत जोडले. म्हणजे नाव बदलल्याने त्या वेळी सुटका झाली नाही.

सुटका झाली ती सत्ता बदलल्यावर. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद देश सोडून गेले आणि जोलानी हे अहमद अल-शरा या आपल्या मूळ नावाने दमास्कसमध्ये राज्यकर्ते म्हणून वावरू लागले. दोन आठवड्यांच्या आत अमेरिकी शिष्टमंडळ त्यांना भेटले आणि इनाम मागे घेण्यात आले. मे २०२५ मध्ये रियाधला त्यांची डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी भेट झाली, ८ जुलैला संघटनेची नोंद रद्द झाली, ६ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने शरा यांचे नाव निर्बंधांच्या यादीतून काढले आणि १० नोव्हेंबरला ते व्हाइट हाउसमध्ये गेले. परिषदेतील त्या ठरावाच्या बाजूने १४ मते पडली, तर चीन तटस्थ राहिला. या सगळ्या काळात संघटनेच्या भूतकाळाविषयी कोणताही नवा पुरावा पुढे आलेला नव्हता. बदलली होती ती तिची जागा, आणि त्याबरोबर तिच्याशी व्यवहार करण्याची इतरांची गरज.

कुर्दांची कथा याहून अवघड आहे. तुर्कस्तानातील कुर्दिस्तान कामगार पक्ष म्हणजे पीकेके ही संघटना १९९७ पासून अमेरिकेच्या यादीत आहे. सीरियातील वायपीजी हे कुर्द पथक त्याच विचारसरणीचे आणि त्याच मुशीतून आलेले, म्हणून तुर्कस्तान दोघांना एकच मानतो. अमेरिकेने मात्र वायपीजीची नोंद कधीच केली नाही. २०१४ मध्ये कोबानी शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडण्याच्या बेतात असताना अमेरिकी विमानांनी तेथील कुर्दांसाठी शस्त्रे आणि औषधे टाकली आणि तेव्हापासून हे पथक जमिनीवरचे सर्वांत भरवशाचे मित्र ठरले. ऑक्टोबर २०१५ मध्ये अरब आणि इतर गटांना बरोबर घेऊन ‘सीरियन लोकशाही दले’ अशी नवी आघाडी तयार झाली. अमेरिकी विशेष दलांचे तत्कालीन प्रमुख जनरल रेमंड थॉमस यांनी जुलै २०१७ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात सांगितले की, तुर्कस्तानच्या आक्षेपामुळे नाव बदलावे लागेल, असे आम्हीच त्यांना सुचवले होते. नुसराला नाव बदलून जे साधले नाही ते येथे साधले, कारण येथे नावातला बदल दोन्ही बाजूंना हवा होता.

या नोंदींचा सर्वांत भीषण परिणाम कोठे दिसला, हे विचाराल तर मी पूर्व अलेप्पोचे नाव घेईन. फेब्रुवारी २०१६ मधील शस्त्रसंधीतून ‘इस्लामिक स्टेट’, नुसरा आणि सुरक्षा परिषदेने दहशतवादी ठरवलेले इतर गट वगळण्यात आले होते. त्यांच्यावर हल्ले चालू ठेवण्यास मुभा होती. कोणते गट दहशतवादी मानावेत याची सर्वमान्य यादी तयार व्हावी, म्हणून आदल्या वर्षी व्हिएन्नातील बैठकीत समन्वयाचे काम जॉर्डनकडे सोपवले गेले होते. पण रशियाला जे गट त्यात हवे होते ते सौदी अरेबिया आणि तुर्कस्तान यांना नको होते, त्यामुळे एकमत झाले नाही. परिणामी प्रत्यक्ष रणांगणावर कोण यादीतला आणि कोण यादीबाहेरचा, हे बॉम्ब टाकणाऱ्यानेच ठरवायचे असा प्रकार झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत स्टाफान डी मिस्तुरा यांनी सांगितले की, पूर्व अलेप्पोत नुसराचे फार तर ९०० लढवय्ये आहेत आणि त्याच भागात सुमारे २ लाख ७५ हजार नागरिक अडकले आहेत. त्या लढवय्यांनी शहर सोडावे, मी स्वतः त्यांच्यासोबत चालत बाहेर येईन, अशी तयारीही त्यांनी दाखवली. ते झाले नाही. यादीतल्या काही शे माणसांचे कारण देऊन लाखो माणसांच्या वस्तीवर, तिथल्या रुग्णालयांसह, डिसेंबरपर्यंत बॉम्बवर्षाव होत राहिला. दूर राजधानीत झालेली एक नोंद कोणाच्या डोक्यावर येऊन पडते, हे समजून घ्यायचे असेल तर ही आकडेवारी वर्गात फळ्यावर लिहावी, असे मला मनापासून वाटते.

विद्यार्थ्यांना आपण एक कागद आखायला सांगू शकाल. एका रकान्यात गटाचे नाव, दुसऱ्यात नोंद करणारे सरकार, तिसऱ्यात कायदा, चौथ्यात वर्ष. लेबनॉनमधील हिजबुल्लाह एवढ्या एका नावापुढे त्यांना दिसेल की अमेरिकेने १९९७ मध्येच संपूर्ण संघटनेची नोंद केली, युरोपीय संघाने बल्गेरियातील बुर्गास येथील बसवरच्या हल्ल्यानंतर २०१३ मध्ये केवळ तिची लष्करी शाखा यादीत घातली, ब्रिटनने २०१९ मध्ये संपूर्ण संघटनेवर बंदी आणली, आणि रशियाने तर सीरियात तिच्याच बरोबरीने युद्ध केले. एवढ्या चार रकान्यांवरून मुले बाकीचे स्वतः विचारू लागतील.

प्रश्न : मी उरणजवळ एका कस्टम हाउस एजंटकडे काम करतो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे न्हावा शेवाहून युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा निर्यातदारांचे फोन घेता घेता आमची पुरेवाट झाली. याच हुथींना अमेरिकेने आधी दहशतवादी ठरवले, मग काढले, मग पुन्हा घातले, असे वाचले. एवढ्या मोठ्या निर्णयात असे मागेपुढे का होते?
— एक वाचक, उरण

उत्तर : आपण म्हणता तो क्रम बरोबर आहे आणि त्यामागची कारणे, निदान काही अंशी, प्रामाणिक आहेत. हुथी, म्हणजे अन्सार अल्लाह हा येमेनमधील सशस्त्र गट, यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये येमेनची राजधानी साना ताब्यात घेतली. मार्च २०१५ पासून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडी त्यांच्याशी लढू लागली. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीचा अगदी शेवटचा दिवस उरला असताना, १९ जानेवारी २०२१ रोजी, हुथींची परदेशी दहशतवादी संघटना म्हणून नोंद अमलात आली. जो बायडेन यांच्या सरकारने ती १६ फेब्रुवारीला रद्द केली.

ती रद्द करण्याचे कारण भुकेचे होते. येमेन आपले सुमारे ९० टक्के धान्य आयात करतो आणि देशातील बहुसंख्य लोक हुथींच्या ताब्यातील भागात राहतात. तिथे धान्य उतरवायचे तर बंदराचा कर, गोदामाचा परवाना, ट्रकचा पास या सगळ्यासाठी हुथी अधिकाऱ्यांशीच व्यवहार करावा लागतो. नोंद झालेल्या संघटनेला ‘भौतिक मदत’ देणे हा अमेरिकी कायद्यानुसार गंभीर गुन्हा असल्याने बँका पतपत्र उघडायला कचरतात, विमा कंपन्या हात आखडता घेतात आणि जहाज कंपन्या त्या बंदराकडे फिरकत नाहीत. कागदपत्रांतील एका नावामुळे संपूर्ण कन्साइनमेंट कशी अडकते, हे आपल्याला मी सांगायला नको. हा कायदा किती लांब जातो, याची कल्पना २०१० च्या एका निकालावरून येईल. पीकेके आणि श्रीलंकेतील तमिळ वाघ यांना वाद शांततेने सोडवण्याचे प्रशिक्षण देऊ इच्छिणाऱ्या काही नागरिकांनी दाद मागितली होती, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की असे प्रशिक्षणही भौतिक मदतच आहे. सोमालियात २०११ चा दुष्काळ पडला तेव्हा यादीत असलेल्या अल-शबाब या तिथल्या सशस्त्र गटाच्या ताब्यातील भागात अन्न पोहोचवणाऱ्या संस्थांना याच भीतीने पाऊल मागे घ्यावे लागले होते. ते उदाहरण येमेनच्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

पुढे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथींनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज हेलिकॉप्टरमधून माणसे उतरवून ताब्यात घेतले. ते तुर्कस्तानहून गुजरातमधील पिपावावला येत होते आणि त्यावरील २५ खलाशी थेट जानेवारी २०२५ मध्ये सुटले. व्यापारी जहाजांवरील हल्ले वाढत गेल्यावर बायडेन सरकारने जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा नोंद जाहीर केली, पण तुलनेने सौम्य स्वरूपाची. ‘विशेष नामनिर्दिष्ट जागतिक दहशतवादी’ या वर्गात मालमत्ता गोठवली जाते आणि आर्थिक व्यवहार बंद होतात, पण भौतिक मदतीच्या गुन्ह्याची आणि प्रवेशबंदीची ती कडक तरतूद त्यात नसते. शिवाय अन्न, औषधे, इंधन आणि बंदरांचे कामकाज यांच्यासाठी सवलती देऊन निर्णय ३० दिवसांनी अमलात आणला गेला. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने पुन्हा कडक नोंद केली.

भारतालाही हा विषय दूरचा नव्हता. १७ जानेवारी २०२२ रोजी अबू धाबीवर झालेल्या हुथींच्या हल्ल्यात दोन भारतीय कामगार मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक २६२४ मध्ये हुथींचा उल्लेख प्रथमच दहशतवादी गट असा करण्यात आला. त्या वेळी परिषदेचा सदस्य असलेल्या भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. चार देश तटस्थ राहिले, आणि येमेनमधील सामान्य माणसापर्यंत पोहोचणाऱ्या मदतीवर याचा काय परिणाम होईल ही चिंता तेव्हाही होती. खलाशी आणि कामगार यांच्यावरील हल्ल्यांचा निषेध झालाच पाहिजे. मात्र त्याचा भुर्दंड होदेदा बंदरातील पिठाच्या पोत्यावर बसू नये, याची काळजी २०२४ च्या निर्णयात घेतलेली दिसते आणि मला तो निर्णय इतर दोन नोंदींपेक्षा अधिक जबाबदारीचा वाटतो.

प्रश्न : अफगाणिस्तानात वीस वर्षे तालिबानशी लढूनही अमेरिकेने त्यांना परदेशी दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले नव्हते, हे खरे आहे का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : होय, अफगाण तालिबानच्या बाबतीत ते खरे आहे. २००२ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर आर्थिक निर्बंधांची नोंद केली, पण दुसऱ्या, अधिक कडक यादीत त्यांना कधी घातले नाही. त्याच युद्धातील पाकिस्तानी तालिबान २०१० मध्ये आणि हक्कानी गट २०१२ मध्ये त्या यादीत आले. आज ना उद्या तालिबानशी बोलावे लागेल, ही शक्यता मोकळी ठेवण्यात आली आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे करार झालाच. त्या करारात दर ठिकाणी त्यांचा उल्लेख ‘अफगाणिस्तानची इस्लामी अमिरात, जिला अमेरिका राज्य म्हणून मान्यता देत नाही आणि जी तालिबान म्हणून ओळखली जाते’ असा लांबलचक करावा लागला. हक्कानी गट मात्र तालिबानच्याच आत होता आणि ऑगस्ट २०२१ नंतर सिराजुद्दीन हक्कानी काबूलमध्ये गृहमंत्री झाले. ज्याच्या गटाची नोंद आहे तो मंत्री आणि ज्याची तशी नोंद नाही ते त्याचे सरकार, अशी ती स्थिती आहे. भारतीयांना हे नाव विसरता येणार नाही, कारण जुलै २००८ मध्ये काबूलमधील आपल्या दूतावासावर झालेल्या बॉम्बहल्ल्याशी या गटाचा संबंध जोडला गेला होता आणि त्यात पन्नासहून अधिक माणसे गेली.

रशियाने तालिबानवर २००३ मध्ये घातलेली बंदी एप्रिल २०२५ मध्ये स्थगित केली आणि जुलैमध्ये त्यांच्या सरकारला मान्यता दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीला आले, तेव्हा त्यांचे नाव सुरक्षा परिषदेच्या यादीत असल्याने प्रवासासाठी आधी सवलत मिळवावी लागली. त्याच भेटीत भारताने काबूलमधील आपल्या तांत्रिक पथकाला दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा केली.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांची तयारी करते. इस्राएलने नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्कर-ए-तय्यबाला दहशतवादी संघटना घोषित केले. मग भारताने हमासला तसे घोषित का केले नाही? भारतात हा निर्णय कोणत्या कायद्याखाली होतो?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : कायदा आहे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) कायदा, १९६७, ज्याला आपण यूएपीए म्हणतो. मूळ कायद्यात फक्त ‘बेकायदेशीर संघटना’ ही तरतूद होती. अशी घोषणा झाली की ३० दिवसांच्या आत प्रकरण उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या न्यायाधिकरणापुढे जाते. पोटा हा आधीचा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाल्यावर २००४ मध्ये दहशतवादी संघटनांविषयीचे स्वतंत्र प्रकरण यात आले. कलम ३५ नुसार केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून संघटनेचे नाव पहिल्या अनुसूचीत घालते. येथे न्यायाधिकरण नाही. नाव काढण्यासाठी केंद्राकडेच अर्ज करायचा आणि तो फेटाळला गेला तर पुनर्विलोकन समितीकडे जायचे. कलम ३८ ते ४० सदस्यत्व, पाठिंबा आणि निधी उभारणे यांना गुन्हा ठरवतात. २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तींनाही दहशतवादी घोषित करता येऊ लागले. परीक्षेत ‘बेकायदेशीर’ आणि ‘दहशतवादी’ या दोन घोषणांमधील प्रक्रियेचा फरक नेमका लिहिलात तर गुण मिळतीलच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या वाटेवर न्यायमूर्ती लागतात आणि दुसऱ्या, अधिक कठोर वाटेवर लागत नाहीत, हे आपण स्वतः विचारात घ्यावे.

आता हमास. भारताने ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याला दहशतवादी हल्ला म्हटले आणि त्याचा निषेध केला, पण हमासचे नाव अनुसूचीत घातलेले नाही. आपली अनुसूची मुख्यतः भारताविरुद्ध किंवा भारताच्या भूमीवर काम करणाऱ्या संघटनांची आहे. दुसरे म्हणजे सुरक्षा परिषदेच्या निर्बंध यादीतही हमास नाही. अमेरिका, युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्या याद्यांत ती आहे, रशिया आणि चीन यांच्या यादीत नाही. तिसरे कारण राजनैतिक आहे. १९७४ मध्ये भारताने पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राज्याला मान्यता दिली, आखाती देशांत लाखो भारतीय काम करतात, आणि हमासशी मध्यस्थी करणाऱ्या कतारशीही आपले घनिष्ठ संबंध आहेत. इस्राएलने लष्कर-ए-तय्यबाची नोंद केली, तेव्हा भारताने तशी विनंती केली नव्हती, हे इस्राएलच्या दूतावासानेच सांगितले होते. २६/११ च्या हल्ल्याला १५ वर्षे पूर्ण होत होती, आणि ती वेळ साधून दिल्लीला दिलेला हा संदेश होता.

आपल्याच इतिहासात या विषयाचा कठोर धडा आहे. १९८० च्या दशकात श्रीलंकेतील तमिळ गटांना भारताने आश्रय आणि प्रशिक्षण दिले. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना पाठवल्यावर त्याच तमिळ वाघांशी लढताना आपले अकराशेहून अधिक जवान गेले. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली आणि १९९२ च्या मे महिन्यात भारताने या संघटनेवर बंदी घातली. श्रीलंकेने मात्र २००२ मध्ये शांतता चर्चेसाठी आपली बंदी काही काळ उठवली होती. म्हणजे एकाच संघटनेविषयी दोन शेजारी देशांचे निर्णय त्या वर्षी परस्परविरुद्ध होते आणि दोघांनाही त्यांची कारणे होती.

सगळ्या जगाची एकच यादी का होत नाही, असे आपल्याला वाटले असेल. सुरक्षा परिषदेच्या १२६७ समितीत, म्हणजे निर्बंधांची यादी ठेवणाऱ्या समितीत, १५ सदस्यांचे एकमत लागते आणि एका सदस्याने हरकत घेतली तरी नाव अडते. मसूद अझहरचे नाव चीनच्या हरकतींमुळे वर्षानुवर्षे रखडले आणि पुलवामानंतर १ मे २०१९ रोजी यादीत आले. दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या करणारा सर्वंकष करार व्हावा, असा प्रस्ताव भारताने १९९६ मध्येच संयुक्त राष्ट्रांत मांडला. परकीय ताब्याविरुद्धचा लढा त्यात धरायचा की नाही आणि सरकारी सैन्याची कृत्ये धरायची की नाही, या दोन मुद्द्यांवर तो आजही अडलेला आहे.

प्रश्न : सरकारेच असे शब्द फिरवत असतील, तर आम्ही सामान्य वाचकांनी कोणावर विश्वास ठेवायचा? उद्या २६/११ घडवणाऱ्यांनाही कोणी ‘बंडखोर’ म्हणेल, तर ते मान्य करायचे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या ठाणे-कळव्याहून रोज सकाळी लोकलने ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला हजारो लोक उतरतात, तिथे त्या रात्री पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. ते कृत्य काय होते हे ठरवण्यासाठी कोणत्याही देशाच्या यादीची वाट पाहावी लागत नाही. नि:शस्त्र माणसांना ठरवून मारणे, ओलीस धरणे, छळ करणे यांना १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांतील समान कलम ३ ने बंदी केली आहे आणि अंतर्गत युद्धात ते कलम सरकारी सैन्याइतकेच सशस्त्र गटांनाही लागू होते. गट यादीत असो वा नसो, त्याच्याकडे राज्य असो वा नसो, या कलमातून सूट मिळत नाही.

म्हणून या सदरात मी शक्यतो गटाचे स्वतःचे नाव लिहितो, त्याची नोंद कोणत्या सरकारने केव्हा केली ते सांगतो, आणि त्याने कोणाला मारले ते स्पष्ट शब्दांत लिहितो. काही वाचकांना हे मवाळ वाटते आणि तसे कळवणारी पत्रे येतात. माझे म्हणणे असे आहे की, विशेषण सरकारकडून उसने घेतले की सरकार ते परत घेईल तेव्हा आपल्यालाही परत द्यावे लागते, आणि मग मेलेल्या माणसांचा हिशेब अर्धवट राहतो. सीरियात नेमका हाच धोका आहे. मार्च २०२५ मध्ये तेथील किनारपट्टीवर असद ज्या समाजाचे त्या अलवी समाजाच्या वस्त्यांत हत्याकांड झाले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालानुसार त्यात सुमारे १,४०० माणसे मारली गेली आणि त्यांतील बहुतेक नागरिक होते. नव्या सरकारच्या दलांतील व त्यांच्या बाजूने लढणारे लोक आणि असद यांचे समर्थक, दोघांच्याही कृत्यांची नोंद त्या अहवालात आहे आणि ती युद्धगुन्हे ठरू शकतात, असे आयोगाने म्हटले आहे. अमेरिकेने जुलैमध्येच हयात तहरीर अल-शामचे नाव आपल्या यादीतून काढले होते. आयोगाला त्याने काही फरक पडला नाही, कारण त्याच्या कामाची सुरुवात गावोगावच्या साक्षींपासून झाली होती.